मोठ्या रक्तस्रावातील रक्तसंक्रमण

अपघातात किंवा उंचावरून पडून भराभर रक्त जाणाऱ्या रुग्णाला थोड्या वेळात भरपूर रक्त व रक्तघटक देण्याची पद्धत. २४ तासांत तांबड्या पेशींच्या १० किंवा जास्त पिशव्या लागल्या, तर त्याला महारक्तसंक्रमण म्हणण्याची रूढी आहे; मात्र निर्णय पहिल्या काही मिनिटांतच घ्यावा लागतो.

पूर्वी आधी सलाईनच्या बाटल्या चढवत आणि रक्त मागाहून. सलाईनने रक्तदाब वर येतो, पण रक्त पातळ आणि थंड होते. त्यात शरीरातले आम्ल वाढले की रक्त गोठेनासे होते, आणि गोठत नाही म्हणून आणखी वाहते. म्हणून आता तांबड्या पेशी, रक्तद्रव (प्लाझ्मा) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) सुरुवातीपासून साधारण १:१:१ प्रमाणात देतात. रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा रक्तदाब ८०-९० ठेवला तरी चालतो. डोक्याला मार असेल तर मात्र नाही. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेले सायट्रेट गोठण्यासाठी लागणारे शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे कॅल्शियमही द्यावे लागते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारे स्वस्त इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू कमी होतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले. तीन तासांनंतर तेच अपायकारक ठरू शकते.

कोकणात खरी अडचण अंतराची. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी किंवा परशुराम घाटात गाडी उलटली, आगरात कोणी माडावरून पडला, तर जवळच्या रुग्णालयात तांबड्या पेशी मिळतीलही. प्लेटलेट मिळणे कठीण. त्या २० ते २४ अंश तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि जेमतेम पाच दिवस टिकतात. रक्तद्रवाची पिशवी फ्रीजरमधून निघते ती दगडासारखी कडक. ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला अर्धा तास जातो. नातेवाईक बाहेर चिठ्ठी आणि नमुन्याची नळी घेऊन उभे असतात, तो हाच अर्धा तास. घटक मिळत नसतील तिथे संपूर्ण (घटक वेगळे न केलेले) रक्त हा चांगला पर्याय आहे, कारण त्यात तिन्ही असतात. पण एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरियाच्या तपासण्यांशिवाय कोणाचेही रक्त चढवता येत नाही. म्हणजे जीव वाचवते ते आधी कोणीतरी दिलेले रक्त. मे महिन्यात कॉलेजे बंद, शिबिरे कमी, आणि रस्त्यावर चाकरमान्यांची गर्दी! शिबिरे तेव्हाच व्हायला हवीत.

गट कळेपर्यंत ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात. अपवाद बॉम्बे रक्तगटाचा: १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या या गटाच्या माणसाला ओ रक्तही चालत नाही, त्याला त्याच गटाचे लागते. म्हणून पहिली पिशवी लावण्याआधी क्रॉसमॅचसाठी (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, ही तपासणी) नमुना काढून ठेवतात.