वजनविरहित पाण्यात वस्तू तरंगते की बुडते : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

पाण्यात टाकलेली वस्तू तरंगणार की बुडणार हे तिच्या घनतेवरून ठरते, असे आपण शाळेत शिकतो आणि रोजच्या व्यवहारात तेवढे पुरतेही. वजनच जाणवत नसेल तर काय होईल, हे विचारले की मात्र या नियमातली न बोललेली अट उघडी पडते. तेव्हा लाकूड वर येत नाही आणि लोखंड खाली जात नाही; दोन्ही जिथे सोडाल तिथेच राहतात.

ही अट मुळात लपलेली नव्हती. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने तरंगण्याचे तत्त्व मांडताना आधी हे सिद्ध केले, की स्थिर द्रवाचा पृष्ठभाग म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवतीच्या गोलाचाच एक भाग असतो. म्हणजे सर्व काही एका केंद्राकडे ओढले जाते, हे त्याने पायाशीच गृहीत धरले होते. द्रवात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने लागते, या त्याच्या तत्त्वात शब्द आहे तो ‘वजन’, ‘घनता’ नव्हे.

या प्लावक बलामागचे कारण पुढे द्रवाच्या दाबाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये दाखवले, की तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे तर पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. ब्लेझ पास्कालचे याच विषयावरचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाले. बुडालेल्या वस्तूचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा अधिक खोलीवर असल्याने त्यावर दाब अधिक असतो, आणि दाबातला हा फरकच वस्तूला वर ढकलतो. खोलीबरोबर दाब वाढतो तो वरच्या पाण्याच्या वजनामुळे. ते वजन गेले की पाण्यात सगळीकडे दाब सारखाच होतो आणि ढकलणारे काही उरत नाही.

इथे एका गोष्टीपाशी थांबले पाहिजे, कारण माझ्या मते बहुतेक गोंधळ तिथेच होतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे; तरीही पाण्याच्या ६० टक्के घनता असलेला ठोकळा तिथल्या बंदिस्त दालनातील हौदात पृथ्वीवरच्याइतकाच, म्हणजे ६० टक्के बुडून तरंगेल. वस्तूचे वजन आणि बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन एकाच प्रमाणात घटते, म्हणून तुलनेचा निकाल बदलत नाही. दाबून सोडलेला ठोकळा तेवढा अधिक संथपणे वर-खाली होईल. त्यामुळे या प्रश्नाचा गुरुत्वाकर्षणाशी संबंधच नाही असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण दोन्ही वजने शून्य झाली की तुलना करायलाच काही शिल्लक राहत नाही, आणि घनतेचा निकष निरुपयोगी ठरतो.

मग वस्तूचे काय होते, याचे बीज एका जुन्या वादात सापडते. आकारामुळे वस्तू तरंगते असे मानणाऱ्या पंडितांनी गॅलिलिओसमोर एबनी लाकडाचे उदाहरण ठेवले होते: त्याचा गोळा बुडतो, पण पातळ चकती अलगद ठेवली तर पाण्यावर राहते. गॅलिलिओने १६१२ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध करून घनतेची बाजू लावून धरली, आणि ती योग्यच होती. पण त्या चकतीला आधार देणारा पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आक्रसू पाहण्याचा गुण, तेव्हा कोणालाच नीट उमगलेला नव्हता. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८४० च्या दशकात त्याचे राज्य दाखवून दिले. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण त्यांनी तेलाच्या नेमक्या घनतेचे बनवले, म्हणजे तेलाचे वजन प्लावक बलाने पुरते तोलले जाऊन पृष्ठताणच उरावा. त्यात सोडलेले ऑलिव्ह तेल ना वर गेले, ना खाली, तर गोल होऊन मधोमध स्थिरावले.

प्रत्यक्ष अनुभव यायला अंतराळयुग उजाडावे लागले. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. पण यान आणि त्यातील सर्व काही एकत्र मुक्तपतनात, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने सारखेच पडत, असल्याने वजन जाणवत नाही. अभियंत्यांना काळजी होती इंधनाची: टाकीत द्रव तळाशी आणि वायू वर, ही मांडणी टिकली नाही तर इंजिन पुन्हा पेटणार कसे? ५ जुलै १९६६ रोजी सोडलेल्या एएस-२०३ या मानवरहित उड्डाणात द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत कॅमेरा बसवून हेच पाहिले गेले. वायू सतत हळूहळू बाहेर सोडून मिळणारा अगदी अल्प रेटाही द्रवाला तळाशी बसवण्यास पुरतो, असे दिसले. म्हणजेच किंचित त्वरण मिळाले की ‘वर’ आणि ‘खाली’ परत येतात, आणि त्यांच्यासोबत तरंगणे-बुडणेही.

असा रेटा नसेल तेव्हा पृष्ठताणाचेच चालते. १६ जुलै २०१३ रोजी अंतराळवीर लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी शिरले. जमिनीवर ते मानेवरून खाली ओघळले असते. तिथे ते डोक्याला चिकटून पसरत डोळ्यांवर आणि नाकाशी आले, आणि काम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. द्रवाच्या याच चिकटून पसरण्याचा उपयोगही करून घेतला जातो. अनेक उपग्रहांच्या इंधनटाक्यांत धातूच्या पातळ पट्ट्या आणि बारीक जाळ्या बसवलेल्या असतात. द्रव त्यांना धरून पुढे सरकतो आणि टाकीच्या निर्गमाशी वायूऐवजी द्रवच पोहोचतो.