हेगच्या निकालाने फिलिपिन्सला बेटे मिळाली नाहीत

'2016 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण चीन समुद्रातली बेटे फिलिपिन्सला दिली' हा मजकूर अजूनही फिरतो. एक तर ते आंतरराष्ट्रीय न्यायालय नव्हतेच. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या सातव्या परिशिष्टानुसार नेमलेला, हेगमध्ये बसलेला तो पाच सदस्यांचा लवाद होता. दुसरे, मालकीचा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नव्हता. फिलिपिन्सने दावा मुद्दामच तसा बांधला होता. मालकी मागितली असती तर अर्ज दारातच अडला असता.

12 जुलै 2016 च्या निवाड्यात ठरले ते असे: नऊ तुकड्यांच्या रेषेतल्या (चीनने नकाशावर आखलेली, जवळजवळ सगळा दक्षिण चीन समुद्र घेरणारी रेषा) साधनसंपत्तीवरच्या चीनच्या 'ऐतिहासिक हक्कां'ना कायद्याचा आधार नाही. दोन्ही देश हक्क सांगतात तो स्कारबरो हा नुसता खडक, म्हणून त्याच्याभोवती फार तर 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र. 200 मैलांचे आर्थिक क्षेत्र, म्हणजे समुद्रातली साधनसंपत्ती वापरण्याचा हक्क असलेला पट्टा, नाही. मिस्चीफ रीफ हा चीनच्या ताब्यातला प्रवाळ भरतीत बुडतो, म्हणून त्याला स्वतःचे क्षेत्रच नाही. तो फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात मोडतो. तरीही चीनचा तिथला तळ आजही आहे, कारण निवाडा बंधनकारक असला तरी तो अमलात आणणारी यंत्रणा नाही.

मनिलाच्या परराष्ट्र धोरणाचे हेलकावे इथूनच येतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी निवाडा बाजूला ठेवून बीजिंगशी जुळवून घेतले आणि 2020 मध्ये अमेरिकी सैन्याच्या वावराचा करार मोडण्याची नोटीसही दिली. 2021 मध्ये ती मागे घेतली. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी 2023 मध्ये अमेरिकेला आणखी चार तळ वापरू दिले, एकूण नऊ. भारताकडून ब्राह्मोस घेण्याचा करार मात्र दुतेर्ते यांच्याच काळातला, जानेवारी 2022 चा.