‘१२ व्होल्टला काय होतंय?’ हा गैरसमज सोडा

“बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, मग कुठलीही वायर चालेल,” असं मोटरहोमवाल्यांमध्ये, म्हणजे गाडीतच घर थाटणाऱ्यांमध्ये, सर्रास ऐकू येतं. शॉक सहसा बसत नाही हे खरं, पण आग लागते. १२० वॅटच्या फ्रिजला २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. १२ व्होल्टवर १० अँपिअर. त्यासाठी बसवलेलं १२ व्होल्टचं सॉकेट बॅटरीपासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. ती १ चौरस मिमीची असली तर वाटेतच सुमारे १.८ व्होल्ट गळतात आणि १८ वॅट उष्णता प्लायवूडमागे कोंडते. फ्रिज बंद पडतो, दोष मात्र बॅटरीला. ४ चौरस मिमीची तांब्याची वायर घाला. घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो सॉकेटमागे नको, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा: १५ अँपिअरचा, आणि सॉकेटही तेवढ्या क्षमतेचं. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) बसवाच. गाडीच्या थरथरीने धारेवर इन्सुलेशन घासतं, तांबं उघडं पडतं, आणि फ्यूज नसेल तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ओतते. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड सैल होतात, क्रिंप करा, म्हणजे धातूची टोपी पकडीने दाबून बसवा. दिव्यांच्या लाइनवरून सॉकेटला जोड देऊ नका. कामाआधी बॅटरीचं मायनस सोडा.