फिलोडेंड्रॉन : कुंडीतील निगा

फिलोडेंड्रॉन ही सुरण कुलातील (ॲरेसी), म्हणजे अळू, सुरण आणि अँथुरियम ज्या कुलात येतात त्याच कुलातील, एक मोठी प्रजाती असून तिच्यात साडेचारशेहून अधिक जाती आहेत. अमेरिका खंडांचा उष्ण पट्टा आणि वेस्ट इंडीज हे त्यांचे मूळस्थान होय. प्रेम आणि वृक्ष या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले, कारण यांतील पुष्कळ जाती वर्षावनात मोठ्या झाडांच्या खोडांना धरून चढतात. अशा वेलांची मुळे जंगलात सालीच्या खाचांत, पालापाचोळ्यात आणि दमट हवेत वाढतात. घट्ट, सतत ओल्या मातीत राहण्याची त्यांना सवय नसते. कुंडीतील रोपाचे बहुतेक त्रास हे ध्यानात न घेतल्याने ओढवतात.

आपल्याकडे हृदयाकृती पानांचा फिलोडेंड्रॉन (फि. हेडरेसियम) अनेकदा मनीप्लांट समजून घरी आणला जातो. दोन्ही एकाच कुलातले असले, तरी मनीप्लांट (एपिप्रेम्नम ऑरियम) वेगळ्या प्रजातीतला आहे. फरक ओळखण्यासाठी नवे पान पाहावे : फिलोडेंड्रॉनचे कोवळे पान एका पातळ आवरणातून बाहेर येते व ते आवरण पुढे वाळून गळते, मनीप्लांटला असे स्वतंत्र आवरण नसते, त्याचे नवे पान आधीच्या पानाच्या देठातून उलगडते. रोपवाटिकांत ‘सेलम’ आणि ‘झनाडू’ या नावांनी मिळणारी, वेलीसारखी न चढणारी रोपे अद्याप फिलोडेंड्रॉन म्हणूनच विकली जात असली, तरी 2018 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती थॉमॅटोफायलम या प्रजातीत हलवली आहेत. निगेच्या दृष्टीने मात्र नावाच्या या बदलाने फारसे काही बिघडत नाही.

कुंडीत नुसती बागेतली माती भरू नये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सालीचे तुकडे, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज खडे) किंवा जाड वाळू, थोडा कोळसा आणि मुरलेले गांडूळखत यांचे भुसभुशीत मिश्रण ओल धरते आणि मुळांना हवाही देते. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन बोटे रुंद असावी. लहान रोप मोठ्या कुंडीत लावले की मुळे न पोहोचलेल्या भागातील मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते. तळाला भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात थेट लागवड करणे तर टाळावेच.

पाणी वार ठरवून देण्याची पद्धत सर्वांत घातक ठरते. वरचा सुमारे इंचभर थर सुकला आहे असे बोटाने चाचपून पाहावे, मग तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की एरवी चार दिवसांत सुकणारी कुंडी आठ-दहा दिवसही ओली राहते, आणि उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालणाऱ्यांची रोपे नेमकी याच दिवसांत सडतात. सडलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे माती ओली असूनही पाने मलूल होतात. ते पाहून रोप तहानलेले आहे असे वाटते, आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात. मलूल रोपाची माती ओली लागली, तर रोप उपसून तपकिरी, बुळबुळीत मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, पांढरट व टणक मुळे राखावीत आणि ताज्या मिश्रणात, गरज पडल्यास लहान कुंडीत, पुन्हा लावावे. तळाचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे स्वाभाविक आहे. चार-पाच पाने एकदम पिवळी पडली तर मात्र मुळे तपासावीत.

खिडकीजवळचा भरपूर पण थेट नसलेला उजेड या रोपांना मानवतो. दुपारचे ऊन पानांवर करपल्याचे डाग पाडते, तर अंधाऱ्या कोपऱ्यात कांडी लांबतात, पाने लहान होतात आणि वेल विरळ दिसू लागते. चढणाऱ्या जातींना मॉस स्टिकचा (शेवाळ गुंडाळलेल्या काठीचा) आधार देऊन ती ओलसर ठेवल्यास वायवी (खोडातून हवेत फुटणारी) मुळे तिला धरतात आणि पुढची पाने हळूहळू मोठी होतात. विदर्भातील एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, तसेच वातानुकूलित खोलीत, पानांची टोके तपकिरी होतात. खताचे क्षार साचल्यानेही तसेच होते, आणि मातीवरची पांढरी पुटी त्याची खूण असते. अशा वेळी कुंडी भरपूर पाण्याने धुऊन निथळू द्यावी व काही काळ खत थांबवावे.

पेऱ्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. तो ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी व आठवड्याने पुन्हा करावी. कोवळ्या भागांवरचे गोड, चिकट थेंब मात्र दरवेळी किडीचे नसतात : अनेक जातींत फुलांबाहेरील मधुग्रंथी असतात, आणि मुंग्या त्यासाठीच येतात. महागड्या गुलाबी पानांची ‘पिंक काँगो’ घेताना सावध राहावे. तिचा रंग रासायनिक प्रक्रियेने आणलेला असतो आणि नवी पाने हिरवीच येतात.

अळूने घसा खाजतो त्याचे कारण असलेले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक फिलोडेंड्रॉनमध्येही असतात. अळू शिजवून, चिंच घालून खाता येते, हे पान मात्र कोणत्याही रीतीने खाद्य नाही. चघळल्यास तोंडाची आग होते व सूज येते, म्हणून लहान मुले, मांजरे आणि कुत्री यांच्या आवाक्याबाहेर कुंडी टांगावी. छाटणी करताना चीक त्वचेला लागू देऊ नये. छाटलेल्या फांद्या टाकून देण्याचे कारण नाही : किमान एक पेरे असलेला तुकडा पाण्यात किंवा ओलसर मॉसमध्ये ठेवला, तर काही आठवड्यांत त्या पेऱ्यातून मुळे फुटतात. पेरे नसलेले नुसते पान पाण्यात बरेच दिवस हिरवे राहील, पण त्याचे रोप होणार नाही.