नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढलेली स्वयंसेवकांची एक तोफखाना तुकडी. ऑगस्ट १८६२ मध्ये ती लष्करी सेवेत दाखल झाली आणि जून १८६५ मध्ये मोकळी झाली. मात्र या तीन वर्षांतल्या एकाच दुपारने तिला नाव मिळवून दिले: २ जुलै १८६३, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावाजवळची लढाई.

'स्वयंसेवक' म्हटले की मराठी वाचकाला मिरवणुकीत दोर धरणारा, छातीवर बिल्ला लावलेला कार्यकर्ता आठवतो. इथे तो अर्थ नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे कायमचे सैन्य जेमतेम सोळा हजारांचे होते. बाकीची फौज घटक राज्यांनी आपापल्या माणसांतून उभी केली आणि या पथकांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले. नववी बॅटरी तीन वर्षांच्या बोलीवर भरती झाली होती. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता. ती लढाईपुरती सैनिक झालेली माणसे होती, पण फुकटची किंवा हौशी नव्हेत.

पायदळात नवखा माणूस गर्दीत खपून जातो, तोफेवर तसे चालत नाही. या बॅटरीकडे सहा 'नेपोलियन' तोफा होत्या. ही काशाची, गुळगुळीत नळीची, बारा पौंडी गोळा फेकणारी तोफ. एकजण ओल्या बोळ्याने नळी पुसून गजाने ठासणार, दुसरा दारूची थैली व गोळा नळीच्या तोंडात घालणार, तिसरा तोफेच्या कानावर, म्हणजे बत्तीच्या छिद्रावर, अंगठा दाबून धरणार, चौथा त्या कानात दोरी ओढताच पेटणारी छोटी नळी बसवून दोरी ओढणार. पेटीपासून तोफेपर्यंत गोळे पोचवायला आणखी माणसे. जुन्या मराठी तोफखान्यातही बत्ती लावायच्या छिद्राला 'कान'च म्हणत. पुसताना-ठासताना त्यावरचा अंगठा सरकला, तर आत उरलेली ठिणगी हवेने फुलून दारू अवेळी पेटण्याचा आणि गज धरणाऱ्याचे हात जाण्याचा धोका असे. त्यामुळे कवायत हाच या शिपायांचा खरा धंदा होता.

घोड्यांचे काम त्याहून मोठे. प्रत्येक तोफेला सहा घोडे, तिच्या दारूगोळ्याच्या गाड्याला आणखी सहा. प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर हाक्या बसे. दोन घोड्यांमधल्या दांड्याने पाय चिरडू नये म्हणून त्याच्या उजव्या पायाला लोखंडी पट्टीचे कवच असे. लढाई चालू असताना हे हाके घोडे धरून स्वस्थ उभे राहत. हातात करण्यासारखे काही नाही आणि समोरून गोळे येत आहेत, ही अवस्था तोफ डागण्यापेक्षा सोपी नसावी.

पहिले कॅप्टन अशील डी व्हेकी यांनी काही महिन्यांतच पद सोडले. फेब्रुवारी १८६३ मध्ये जॉन बिगेलो आले. वय कोवळे, हार्वर्डमध्ये शिकलेले, शिस्तीला कडक. वॉशिंग्टनभोवतीच्या तटबंदीत सुस्तावलेल्या शिपायांना त्यांनी कवायतीला जुंपले तेव्हा कुरकुर झालीच. गेटिसबर्ग ही बॅटरीची पहिली लढाई. तोवर या माणसांनी शत्रूवर एकही गोळा डागला नव्हता.

त्या दुपारी लेफ्टनंट कर्नल फ्रीमन मॅकगिल्व्हरी यांच्या हाताखाली बॅटरी व्हीटफील्ड रस्त्यालगत उभी राहिली. जवळच्या पीच ऑर्चर्ड या फळबागेतली संघराज्याची फळी कोसळल्यावर माघारीचा हुकूम आला. घोडे जोडायला थांबावे तर शत्रू अंगावर येणार, म्हणून तोफेची शेपटी आणि घोडे जुंपलेला पुढचा गाडा यांना लांब दोराने बांधले. तोफ उडाली की धक्क्याने मागे सरके, दोर ताणून आणखी मागे ओढली जाई, तेवढ्यात पुन्हा भरली जाई. अशी सुमारे ४०० यार्ड पिछेहाट करून ते ट्रॉस्टल यांच्या शेताच्या दगडी कुंपणापाशी आले.

तिथे मॅकगिल्व्हरींनी सांगितले की मागे बराच पट्टा पायदळाविना मोकळा पडला आहे; तिथे तोफांची नवी रांग लागेपर्यंत काय वाटेल ते होवो, इथून हलायचे नाही. शत्रूची, म्हणजे दक्षिणेच्या बाजूची, मिसिसिपीची २१वी रेजिमेंट चालून येत होती. बॅटरीने पत्र्याच्या डब्यांत भरलेले लोखंडी छर्रे जवळून डागले. अखेर शत्रू तोफांवर चढला तेव्हा दोनच तोफा बाहेर निघाल्या. त्यांतली एक फाटकात उलटली, ती गोळीबारातच सरळ करावी लागली. दुसरीसाठी कुंपणाचे दगड ढकलून वाट काढली. चार तोफा हातच्या गेल्या. त्याच संध्याकाळी त्या परत मिळाल्या. सुमारे शंभर माणसांपैकी २८ मृत, जखमी वा बेपत्ता झाली. ८८ घोड्यांपैकी ८० गेले. मोबदल्यात मिळाला सुमारे अर्धा तास, आणि मागची रांग तेवढ्यात उभी राहिली.

जखमी बिगेलोंना बिगुलवाला चार्ल्स रीड याने घोड्यावर घातले आणि दोन्ही बाजूंच्या माऱ्यामधून, घोडा न दौडवता, चालीने मागे नेले. कॅप्टनची जखम भरधाव सोसणारी नव्हती. या कामाबद्दल रीडला १८९५ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळाले. तो चित्रकारही होता. छावणीतली चूल, चिखल, पेंगणारे पहारेकरी यांची त्याची रेखाटने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. सेनापतींच्या अहवालांपेक्षा या शिपायांचे जगणे त्यांत अधिक सापडते.

लढाईनंतर काही दिवसांतच छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हन यांनी ट्रॉस्टलच्या अंगणात कॅमेरा लावला. त्या चित्रात शिपाई नाहीत. घरासमोर पडलेले घोडे तेवढे आहेत.