रस्ता आणि सर्किट यांच्यामध्ये उभा असलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर : पार्श्वभूमी

रोजच्या वापराची गाडी अधूनमधून सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरही नेण्याची इच्छा असलेला माणूस सस्पेन्शन बदलायला निघतो, तेव्हा स्प्रिंग किती कडक घ्यावी आणि गाडी किती खाली आणावी, हेच प्रश्न बहुधा त्याच्या मनात पहिल्यांदा येतात. या विषयाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास वाचला तर मात्र असे दिसते, की ज्यांना रस्ता आणि सर्किट यांचा मेळ घालता आला, त्यांनी तो मुख्यतः शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर मेहनत घेऊन घातला.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच थोडी दिशाभूल करते. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. त्यानंतर गाडी वरखाली हेलकावत राहू नये म्हणून त्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलून संपवणे, हे या नळकांड्याचे काम. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखे पाटे असत आणि पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने हेलकावे काही प्रमाणात आपोआप दबत. वेग वाढले तसे ते अपुरे पडू लागले. फ्रान्समध्ये ट्रुफो यांनी घर्षणावर चालणारे उपकरण बनवले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एडवर्ड हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत बाजारात आणले. त्यातला बोल्ट आवळला की पकड वाढे, म्हणजे गरजेनुसार कडकपणा बदलण्याची कल्पना तेवढी जुनी आहे. दोष मात्र मुळातच होता. कोरडे घर्षण हालचालीच्या वेगाबरोबर वाढत नाही, त्यामुळे बारीक खडबडीवर गाडी ताठ राही आणि मोठ्या उसळीच्या वेळी तीच पकड तोकडी पडे. तेलावर चालणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरने ही अडचण दूर केली, कारण बारीक छिद्रांतून तेल जितक्या वेगाने ढकलावे तितका त्याचा विरोध वाढतो आणि दाबले जाताना व परत उघडताना वेगवेगळ्या झडपा वापरता येतात.

यापुढचा टप्पा स्प्रिंगचे गणित नीट समजून घेण्याचा होता. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे आलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी 1930च्या दशकाच्या आरंभी वजने सरकवता येतील अशी एक प्रयोगाची गाडी बनवली आणि पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर गाडी डोलण्याऐवजी सपाट चालते, हे दाखवून दिले. त्यातूनच जनरल मोटर्सच्या 1934च्या गाड्यांना पुढची चाके स्वतंत्रपणे हलवणारे सस्पेन्शन मिळाले. तेव्हापासून अभियंते स्प्रिंगचा कडकपणा गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल, या भाषेत मोजत आले आहेत. आरामाच्या गाडीत हा आकडा साधारण 1 ते 1.5 असतो आणि हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारे पंख नसलेल्या शर्यतीच्या गाडीत 2 ते 2.5. समजा, गाडी 1.3 वरून 2 वर न्यायची असेल, तर स्प्रिंग सुमारे 2.4 पट कडक घ्यावी लागते. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवला तर त्या नव्या स्प्रिंगला आवरण्याची त्याची ताकद सापेक्षतः पूर्वीच्या दोन-तृतीयांशावर येते. नुसत्या कडक स्प्रिंगा घातलेली गाडी ताठ वाटते आणि तरीही उसळत राहते, ती याच कारणाने.

गाडी खाली आणण्याच्या प्रश्नाची मुळे अर्ल मॅकफर्सन यांच्या रचनेत आहेत. जनरल मोटर्समध्ये शेवरोलेच्या एका छोट्या गाडीवर काम करत असताना त्यांनी ती आखली. तो प्रकल्प रद्द झाल्यावर ते फोर्डकडे गेले आणि त्यांची रचना आधी फ्रान्समधल्या व नंतर ब्रिटनमधल्या फोर्ड गाड्यांत उतरली. शॉक अ‍ॅब्सॉर्बरलाच चाकाचा आधार बनवणारी ही रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे. आपल्याकडच्या स्विफ्ट, पोलोसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच असते. अशी गाडी फार खाली आणली की चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म आडव्याच्याही पलीकडे उलटा कलतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतो आणि वळणावर गाडीला कलवणारा जोर उलट वाढतो. दिसायला देखणी झालेली गाडी वळणात पूर्वीपेक्षा आळशी झाल्याची तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते.

सर्किटने खरी कसोटी पाहिली ती तेलाची. जुन्या दुहेरी नळीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि हवा एकाच जागेत असत. सलग फेऱ्या मारताना तेल तापे, त्याला फेस येई आणि फेसाला विरोध करता येत नसल्याने गाडी हातातून सुटल्यासारखी वाटे. फ्रेंच अभियंते क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांनी एकाच नळीत तरंगता पिस्टन बसवून त्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला उच्च दाबाचा वायू कोंडला. जर्मनीच्या बिलस्टाइनने ही रचना 1957मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी नियमित उत्पादनात आणली. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. आज ज्यांना आपण दर्जेदार कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा संच) म्हणतो, त्यांतल्या पुष्कळांचा आधार हाच शोध आहे.

त्याच काळात ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने स्प्रिंग मऊ आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेमका, हा मार्ग धरला. त्यांची 1962ची एलान ही गाडी त्याचा उत्तम पुरावा आहे. माझ्या मते दुहेरी वापराच्या गाडीसाठी आजही यापेक्षा चांगला आदर्श नाही. संगणकाने सस्पेन्शन हलवण्याचा प्रयोगही लोटसनेच पुढे नेला आणि 1987मध्ये मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत आयर्टन सेन्ना तशा गाडीत जिंकले. पुढे 1992मध्ये विल्यम्स संघाने त्यावर विजेतेपद मिळवले आणि 1994पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत चुंबकाने दाट होणाऱ्या तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर 2002मध्ये कॅडिलॅकने आणले.

तरीही निवडीचा गाभा झडपांतच राहिला आहे. वळणात गाडी कलते तेव्हा तेल ढकलणारा पिस्टन सावकाश सरकतो आणि खड्ड्यात चाक आदळते तेव्हा तो कितीतरी पट वेगाने सरकतो. सावकाश हालचालीला भरपूर विरोध आणि वेगवान हालचालीला मोजकाच विरोध, असे ज्या झडपेला जमते ती दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते. म्हणून एकच चकती फिरवून 32 पायऱ्या देणाऱ्या स्वस्त संचापेक्षा, न बदलता येणारा पण याच तत्त्वावर जुळवलेला संच मी पसंत करीन.

महाराष्ट्रातल्या चालकाला दिल्लीजवळचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरचे कारी गाठायचे, तर तीच गाडी हजार-दीड हजार किलोमीटर चालवत न्यावी लागते आणि वाटेत काँक्रीटच्या द्रुतगती मार्गापासून नकळत समोर येणाऱ्या स्पीडब्रेकरपर्यंत सगळे भेटते. त्यामुळे चाकाला वरखाली होण्यासाठी पुरेशी जागा शिल्लक ठेवणे आणि उंची 20–25 मिलिमीटरपेक्षा जास्त न घटवणे शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यातला चिखल उंची बदलण्याच्या आट्यांत बसून ते गंजतात आणि तेल आत रोखणाऱ्या सीललाही तो घासतो. म्हणून संच घेण्याआधी त्याचे सील, तेल आणि वायू बदलून देणारा कारागीर आपल्या आवाक्यात आहे का, हे विचारून घ्यावे.