डिस्कवर लेझरने लेबल: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सीडी किंवा डीव्हीडी डिस्क तयार करून घेताना ग्राहकाचे सगळे लक्ष आत काय भरले जाते याकडे असते, आणि ते योग्यच आहे. पण डिस्कच्या वर काय लिहायचे याचा विचार बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाला होतो. मग हाताला येईल त्या पेनाने दोन शब्द खरडले जातात किंवा कागदी स्टिकर चिकटवले जाते. काही वर्षांनी कपाट आवरताना एकसारख्या दिसणाऱ्या डिस्कची चळत सापडते. मुलीच्या नाचाचे चित्रीकरण कोणत्या डिस्कवर आणि जुने हिशेब कोणत्या डिस्कवर, हे एकेक लावून पाहावे लागते. ज्या डिस्कवर नाव नाही ती हरवल्यासारखीच, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच डिस्कवर लेझरने लेबल उमटवण्याची सोय आम्ही जपून ठेवली आहे. ती घेण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचा.

स्टिकर आणि बॉलपेन का नको

सीडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची असते. माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते असे बहुतेकांना वाटते. लेझर त्या बाजूने वाचतो हे खरे, पण माहितीचा थर वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला अगदी लागून असतो. त्याच्यावर संरक्षण म्हणून लाखेचा एक पातळ लेप असतो, बस. त्यामुळे सीडीला खालच्या बाजूने पडलेला हलका ओरखडा बऱ्याचदा निभावून जातो, पण वरच्या बाजूने दाबून चालवलेले बॉलपेन थेट माहितीवर घाव घालू शकते. डीव्हीडीची रचना वेगळी आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्या दोघींच्या मध्ये सुरक्षित राहते.

स्टिकरची अडचण तोलाची आहे. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते. स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकलेले असले तरी त्या वेगात डिस्क थरथरते. पुढे कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि डिस्कला हळूहळू बाक येतो. अर्धवट सुटलेले स्टिकर ड्राइव्हच्या आत अडकले तर ड्राइव्हही जातो. लेझरच्या लेबलमध्ये डिस्कवर काहीच चढवले जात नाही. कागद नाही, गोंद नाही, शाई नाही, वजनही वाढत नाही.

लेबल उमटते कसे

लेझरने लेबल उमटवण्याच्या पद्धतींत सर्वांत जास्त पसरलेली म्हणजे लाइटस्क्राइब. एचपी कंपनीतील अभियंते डॅरिल अँडरसन यांच्या डोक्यात ही कल्पना आली आणि २००४ मध्ये कंपनीने ती जाहीर केली. ज्या ड्राइव्हने माहिती लिहायची त्याच ड्राइव्हच्या लेझरने वरचे चित्रही काढायचे, असा तो साधा पण हुशार विचार होता.

माहिती लिहून झाली की डिस्क बाहेर काढायची, उलटी करायची आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवायची. आता लेझरच्या समोर डिस्कची लेबलची बाजू येते. या बाजूवर एक खास रासायनिक लेप असतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण पडले की त्या जागी लेप तापतो आणि त्याचा रंग गडद होतो. हे किरण म्हणजे सीडीचा नेहमीचाच लेझर. डीव्हीडी लिहायला ड्राइव्ह दुसरा, लाल लेझर वापरतो, पण डीव्हीडीवर लेबल काढायचे असले तरी ते काम सीडीच्याच लेझरकडे येते. दुकानात मिळणारी थर्मल कागदाची पावती आठवा, तत्त्व साधारण तेच. पावती उन्हात ठेवली की काय होते हेही आठवून ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लाइटस्क्राइबची डिस्क हातात घेऊन मधल्या भोकाभोवती नीट पाहा. तिथे बारीक रेघांचे एक कडे दिसेल. ते शोभेसाठी नाही. डिस्क फिरत असताना ड्राइव्ह त्या रेघा वाचत राहतो, आणि त्यावरून डिस्क या क्षणी नेमकी किती फिरली आहे हे त्याला कळते. लेबल आतल्या कडेपासून सुरू होते आणि एकात एक वर्तुळे काढत बाहेर सरकते. प्रत्येक वर्तुळात कुठे गडद करायचे आणि कुठे कोरे सोडायचे हे त्या रेघांच्या आधाराने ठरते.

या कड्याचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. डिस्क बाहेर काढून महिन्याभराने पुन्हा उलटी लावली तरी ड्राइव्हला जुनी जागा अचूक सापडते. त्यामुळे आधीच्या लेबलमध्ये भर घालता येते. ज्या डिस्कवर दर महिन्याला थोडी थोडी माहिती भरायची असते तिच्यावर त्या त्या महिन्याची ओळ वाढवत नेता येते. लेबल फिके वाटले तर तेच चित्र त्याच जागी पुन्हा काढून गडदही करता येते. मात्र उमटलेले पुसता येत नाही. नावातली चूक कायम राहते, म्हणून मजकूर आम्हाला देण्यापूर्वी घरातल्या आणखी एकाकडून वाचून घ्या.

ड्राइव्ह, डिस्क आणि प्रोग्रॅम

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. लाइटस्क्राइबसाठी ड्राइव्ह लाइटस्क्राइबचा हवा, डिस्क लाइटस्क्राइबची हवी आणि संगणकावर त्याचा प्रोग्रॅम हवा. यातले एक नसले तर बाकी दोन असून उपयोग नाही. साधी डिस्क उलटी लावून लेबल निघणार नाही, कारण तिच्यावर तो लेपही नाही आणि मधले कडेही नाही. ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर आणि डिस्कवर लाइटस्क्राइबची खूण छापलेली असते, ती पाहूनच खरेदी करा.

यामाहा आणि फुजीफिल्म यांची लेबलफ्लॅश ही वेगळी पद्धत आहे आणि तिच्या डिस्क लाइटस्क्राइबच्या ड्राइव्हमध्ये चालत नाहीत. त्यात रंग बदलणारा थर पृष्ठभागावर नसून आत ०.६ मिलिमीटर खोल असतो, म्हणून लेबलची सोय फक्त डीव्हीडीवर मिळते. चित्र निळसर येते आणि काचेखाली ठेवल्यासारखे सुरक्षित राहते. दिसायला ही पद्धत आम्हाला जास्त आवडते, पण तिचे ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही विरळ आहेत. त्याही आधी, २००२ मध्ये, यामाहाने एका सीडी ड्राइव्हमध्ये खालच्या बाजूला, माहिती लिहून उरलेल्या जागेत चित्र काढण्याची सोय दिली होती. तिला खास डिस्क लागत नव्हती, पण चित्रासाठी माहितीची जागा खर्ची पडत असे.

आता ही तिन्ही तंत्रे जुनी झाली आहेत. लाइटस्क्राइबचे अधिकृत संकेतस्थळ २०१३ मध्ये बंद झाले. आपल्याकडे चालू स्थितीतला ड्राइव्ह असेल तर त्याच्याबरोबर आलेली प्रोग्रॅमची सीडी किंवा फाइल जपून ठेवा, शक्य तर तिची एक प्रत वेगळी काढून ठेवा. नंतरच्या डिस्क जुन्या प्रोग्रॅमला ओळखू येत नाहीत असे घडते. तेव्हा दोष ड्राइव्हचा समजून तो टाकून देऊ नका. आधी डिस्कचे मधले कडे मऊ कोरड्या कापडाने पुसा, मग प्रोग्रॅमची आवृत्ती पाहा.

चित्र आणि अक्षरे कशी निवडावीत

लाइटस्क्राइबचे लेबल एकरंगी असते. पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा रंगीत लेपाच्या डिस्क निघाल्या, पण तिथेही रंग पार्श्वभूमीचा असतो आणि चित्र त्याच रंगाच्या गडद छटेत उमटते. म्हणून रंगीत फोटो देताना तो आधी कृष्णधवल करून पाहा. लाल साडी आणि हिरवी झाडे रंगात उठून दिसतात, करड्या छटेत एकमेकांत मिसळून जातात. चेहरा मध्यभागी असलेला फोटो नकोच, कारण तिथे भोक आहे.

मराठी मजकुराबाबत आमचा आग्रह आहे की अक्षर जाड आणि मोठे घ्यावे. बारीक टायपात अनुस्वार आणि रफार हरवतात आणि ‘वर्ष’ वाचताना डोळे ताणावे लागतात. जुन्या लेबल प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे तुटून येत असतील तर मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहून त्याचे चित्र करा आणि ते चित्र लेबलमध्ये घाला. पार्श्वभूमी काळी ठेवून पांढरी अक्षरे काढण्याचा मोह टाळलेला बरा. दिसते छान, पण जवळजवळ सगळी डिस्क भाजावी लागते.

वेळेचा हिशेबही इथेच लक्षात घ्या. नुसते शीर्षक असेल तर काही मिनिटांत काम होते. संपूर्ण डिस्कभर, सर्वांत गडद प्रतीचे चित्र हवे असेल तर एका डिस्कला अर्धा तास सहज लागतो. दहा डिस्क म्हणजे ड्राइव्ह दिवसभर गुंतला. शंभर प्रती हव्या असणाऱ्यांना आम्ही छपाईयोग्य पांढऱ्या डिस्क आणि इंकजेट प्रिंटरचा सल्ला देतो, त्यात रंगही मिळतात. फक्त ती शाई ओल्या हाताने फिसकटू शकते.

टिकवायचे कसे

लेबलचा खरा शत्रू प्रकाश आहे. उघड्यावर, विशेषतः उन्हात ठेवलेल्या डिस्कवरचे चित्र फिके पडत जाते. गाडीच्या काचेमागे, खिडकीजवळच्या फळीवर किंवा काचेच्या शोकेसमध्ये ती ठेवू नका. बंद कव्हरमध्ये, कपाटाच्या आत ठेवलेले लेबल कितीतरी जास्त काळ चांगले राहते. सीडी कुठेतरी मांडून दाखवायची असेल तर हे तंत्र आपल्या कामाचे नाही, आणि तसे आम्ही तोंडावर सांगतो. लेबल फिके पडले म्हणून आतली माहिती गेली असे मात्र समजू नका. दोन्हींचे थर वेगळे आहेत.

लेबलच्या बाजूलाही बोटे लावू नका. डिस्क कडेने आणि मधल्या भोकाने धरा. लेबल काढण्याआधी बोटाचा तेलकट ठसा राहिला तर त्या जागी चित्र डागाळलेले येऊ शकते. पुसायची वेळ आली तर मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोलगोल नाही. काच पुसायचे द्रावण आणि स्पिरिट लेबलच्या बाजूला अजिबात नको.

आणखी एक खबरदारी आम्ही आपण न सांगताही घेतो. मधल्या पारदर्शक भागाच्या मोकळ्या जागेत, रेघांचे कडे सोडून, डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने छोटा क्रमांक लिहितो. तो क्रमांक आणि डिस्कमध्ये काय आहे याची यादी आपल्याला कागदावर मिळते. चित्र कधी फिके पडलेच तर डिस्क ओळखण्याचा रस्ता उरतो.

काम देताना

आम्ही नेहमी आधी माहिती लिहितो, ती मूळ फाइलींशी ताडून पाहतो आणि मगच डिस्क उलटी करतो. क्रम उलटा केला आणि माहिती लिहिताना डिस्क बिघडली तर लेबलचा अर्धा तास वाया जातो. ७०० मेगाबाइटपर्यंत माहिती असेल तर सीडी आणि ४.७ गिगाबाइटपर्यंत असेल तर डीव्हीडी लागते, त्यामुळे फाइलींचा एकूण आकार आधी पाहून ठेवा.

लेबलवरचा मजकूर कागदावर सुवाच्य लिहून आणा. कार्यक्रमाचे नाव, तारीख, महत्त्वाच्या व्यक्तींची नावे आणि हे चित्रीकरण किंवा काम कोणी केले, एवढे पुरते. तारखेत वर्ष पूर्ण लिहा, ‘१२/३’ एवढेच नको. फोटो द्यायचा असेल तर मूळ फाइल द्या, फोनवरून फोनवर फिरलेली प्रत नको. मजकूर आणि चित्र बसवून आम्ही आपल्याला पडद्यावर दाखवतो. आपण होकार दिल्यावरच लेझर सुरू होतो.